डोळे मिटायला सांगण्यापूर्वी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते त्या बाईंनी आपले उभे आयुष्य शाळेत काढले. म्हणून मीही आज शाळेचाच विषय घेऊन आले आहे. वर्गातल्या मुलांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवणारे, किंवा मनात येणाऱ्या नकोशा विचारांशी झगडू नका असे सांगणारे कार्यक्रम आता जगभर शाळांतून चालतात. त्यांनी मुलांचे नेमके काय होते, हे आपल्याला कसे कळते आणि कसे कळायला हवे, यावर मला बोलायचे आहे.

आपल्याकडे हा विषय नवा नाही. गेल्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर 'मित्र उपक्रम' हाती घेतला आणि शाळाशाळांतून मुले आनापान, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याचा सराव, करू लागली. जुलै २०१८ मध्ये दिल्ली सरकारने 'हॅपिनेस करिक्युलम' सुरू केला. शिशुवर्गापासून आठवीपर्यंत त्याची वेगळी तासिका, आणि तिची सुरुवात ध्यानाने. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'आनंददायी शनिवार' जाहीर झाला. त्यात प्राणायाम आहे, ध्यान आहे, ताणतणाव कसा हाताळावा हेही आहे. लाखो मुलांच्या वेळापत्रकात या गोष्टी आज आहेत.

या सगळ्यामागची तळमळ खरी आहे, हे मी आधीच सांगते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. त्यातले १,७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सर्वाधिक. हे आकडे वाचल्यावर कोणताही शिक्षणमंत्री, कोणताही मुख्याध्यापक हातावर हात ठेवून बसू शकत नाही. माझा वाद त्या तळमळीशी नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की शाळेत सरसकट दिल्या जाणाऱ्या अशा कार्यक्रमाचे मूल्यमापन दवाखान्यातल्या उपचारापेक्षा अधिक कडक असायला हवे. दवाखान्यात माणूस आपल्या पायांनी येतो, त्रास होतो आहे असे स्वतः सांगतो, पटले नाही तर उठून जातो. वर्गातल्या मुलाने काहीच मागितलेले नसते. त्याला उठून जाण्याची मुभाही नसते.

हे तंत्र शाळेत आले कुठून, ते थोडक्यात पाहू. १९७९ मध्ये अमेरिकेत वूस्टर इथे, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जॉन कबात-झिन यांनी एक वर्ग सुरू केला. त्यांच्याकडे येणारी माणसे प्रौढ होती, बहुतेक जण जुनाट दुखण्यांनी गांजलेले, औषधांनी फारसा फरक न पडलेले. बौद्ध साधनेतले श्वासाचे आणि शरीराच्या संवेदनांचे भान, म्हणजेच 'माइंडफुलनेस' किंवा सजगता, त्यांनी धार्मिक चौकटीतून बाहेर काढून या लोकांना शिकवले. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी ते नैराश्याच्या रुग्णांसाठी बेतले.

त्यांच्या २००० सालच्या चाचणीतले निष्कर्ष मी माझ्या प्रत्येक वर्गात शिकवत आले. ज्यांना आयुष्यात तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ६६ टक्के लोकांना ते पुन्हा आले, तर हा वर्ग केलेल्यांत ३७ टक्के लोकांना. फरक मोठा होता. पण ज्यांना ते दोनदाच येऊन गेले होते त्यांना या वर्गाचा काहीच फायदा दिसला नाही. म्हणजे सुरुवातीपासूनच पुरावा आपल्याला सांगत होता की हे तंत्र कोणाला देता यावर सगळे अवलंबून आहे. शाळेच्या दारातून आत येताना हा 'कोणाला' मात्र दाराबाहेरच राहिला. एका माणसाच्या डोळ्यांना बसलेल्या नंबरचा चष्मा सबंध वर्गाला वाटावा, तसे झाले.

स्वीकारावर आधारलेली दुसरी धारा स्टीव्हन हेज यांची. नेवाडा विद्यापीठातल्या या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली उपचारपद्धती 'अ‍ॅक्ट' या नावाने ओळखली जाते. तिचा गाभा सोपा आहे. 'मी नापास होणार' असा विचार आला की आपण तो हुसकावायला जातो, आणि जितका हुसकावावा तितका तो चिकटतो. त्याऐवजी मुलाने 'माझ्या मनात नापास होण्याचा विचार आला आहे' असे स्वतःशी म्हणावे, तो तिथे असू द्यावा, आणि आपल्याला जे महत्त्वाचे वाटते ते करायला लागावे. परीक्षेच्या भीतीने गोठलेल्या मुलाबरोबर एखादा जाणता समुपदेशक हे करतो तेव्हा त्याचा उपयोग होताना मी पाहिले आहे.

पण इथे एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वीकार करायचा तो विचारांचा आणि भावनांचा, परिस्थितीचा नव्हे. हेज यांनीही परिस्थिती सोसावी असे कुठे म्हटलेले नाही. मात्र दोन दिवसांच्या प्रशिक्षणात हा फरक शिक्षकांपर्यंत पोहोचतोच असे नाही. ज्या मुलीला मधल्या सुट्टीत रोज छळले जाते, जो मुलगा घरी मार खाऊन येतो, जे मूल न्याहारीशिवाय शाळेत बसते, त्याला 'मनात येईल ते येऊ दे, नुसते बघत राहा' असे सांगणे म्हणजे त्याची तक्रार त्याच्याच पदरात परत टाकणे होते. कार्यक्रम मोजताना मुलाच्या मनाबरोबर त्याच्या शाळेचे वातावरणही मोजले पाहिजे, ते यासाठी.

आता मुख्य कथेकडे येते. ती इंग्लंडमधली आहे, आणि मूल्यमापन कसे व्हावे याचा इतका धडधडीत दाखला मला दुसरा माहीत नाही.

रिचर्ड बर्नेट आणि ख्रिस कलन या शिक्षकांनी तिथे 'माइंडफुलनेस इन स्कूल्स प्रोजेक्ट' उभा केला. त्यांच्या अभ्यासक्रमाचे नाव 'डॉट-बी'. थांबा, श्वास घ्या आणि नुसते असा, एवढा त्याचा अर्थ. धडे नेटके होते, मुलांच्या भाषेत होते, दृश्यफितींनी सजलेले होते. विलेम कायकन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये त्याचा पहिला अभ्यास छापला. १२ माध्यमिक शाळा, १२ ते १६ वर्षांची ५२२ मुले. ज्या शाळांनी हा अभ्यासक्रम घेतला तिथल्या मुलांत नैराश्याची लक्षणे कमी आढळली, ताण कमी आढळला, बरे वाटण्याचे प्रमाण जास्त आढळले. पण कोणत्या शाळेत कार्यक्रम होणार हे चिठ्ठी टाकून ठरलेले नव्हते. ज्या शाळांत आधीपासून तयार, उत्साही शिक्षक होते तिथे तो झाला. अशी शाळा मुलांसाठी तशीही बरी असण्याची शक्यता असते. संशोधकांनी हे लपवले नाही. हा केवळ पहिला टप्पा आहे, आता मोठी चाचणी हवी, असे त्यांनी स्वतःच लिहिले.

मग ती मोठी चाचणी झाली. तिचे नाव 'मिरियड'. वेलकम ट्रस्टने पैसा दिला. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लंडन इथली मंडळी एकत्र आली आणि युनायटेड किंग्डममधल्या ८५ शाळा निवडल्या गेल्या. कोणत्या शाळेत डॉट-बी शिकवायचे आणि कोणत्या शाळेत भावनिक-सामाजिक शिक्षणाचे नेहमीचे तास चालू ठेवायचे, हे चिठ्ठीने ठरले. मुले ११ ते १३ वर्षांची, आठ हजारांहून अधिक. शिकवणाऱ्या शिक्षकांनी आधी स्वतः आठ आठवडे माइंडफुलनेसचा वर्ग केला, मग शिकवण्याचे प्रशिक्षण घेतले, त्यानंतर ते मुलांसमोर उभे राहिले. आपल्याकडे एवढी तयारी कोणत्याही कार्यक्रमाच्या वाट्याला येत नाही. काय मोजायचे तेही आधीच ठरवून जाहीर केले होते: नैराश्याचा धोका, वागण्यातल्या आणि भावनांच्या अडचणी, आणि एकूण बरे वाटणे. मोजायचे कधी? कार्यक्रम संपल्यावर एक वर्षाने.

जुलै २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीचे तास घेतलेल्या मुलांपेक्षा ही मुले तिन्ही बाबतींत बरी असल्याचा काहीही पुरावा सापडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. ज्या मुलांना मानसिक त्रासाचा धोका आधीपासून अधिक होता त्यांच्या बाबतीत तर पारडे किंचित उलट्या बाजूला झुकलेले दिसले. जी मुले डोळ्यांसमोर ठेवून हा सगळा खटाटोप झाला, ती हीच. फायदा दिसला तो शिक्षकांना. लगेच केलेल्या मोजणीत त्यांचा थकवा कमी झालेला होता.

ही चाचणी आखणाऱ्यांतले कायकन हे या क्षेत्राचे विरोधक नव्हेत. त्यांची सारी कारकीर्द माइंडफुलनेसमध्ये गेली आहे. मार्क विल्यम्स तर नैराश्यावरच्या त्या पद्धतीच्या जनकांपैकी एक. या माणसांनी स्वतःच्या आवडत्या कल्पनेची एवढी कठोर परीक्षा आखली, आणि उत्तर मनासारखे आले नाही तेव्हा ते जसेच्या तसे छापले. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर वाटतो. आपल्या विद्यापीठांत संशोधनाच्या नीतीवर जे तास होतात त्यांत ही कथा शिकवली गेली पाहिजे.

मिरियड एकटे नाही. ऑस्ट्रेलियात कॅथरीन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हाच डॉट-बी ३०८ मुलांवर चिठ्ठी टाकून तपासला. सुधारणा आढळली नाहीच, आणि पुढच्या मोजणीत मुलग्यांच्या गटात चिंता वाढलेली दिसली. बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात शिक्षकांकडून शाळांमध्ये 'अ‍ॅक्ट' शिकवण्याची मोठी चाचणी झाली, तिथेही फरक पडला नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणखी एक निकाल आला. भावना हाताळण्याची कौशल्ये, त्यात माइंडफुलनेस आणि स्वीकारही, आठ तासिकांत शिकवणारा 'वाइज टीन्स' हा कार्यक्रम हजारावर मुलांत तपासला गेला. तो संपल्यावर त्या मुलांनी तुलनेच्या मुलांपेक्षा अधिक उदासी, अधिक चिंता आणि आईवडिलांशी बिघडलेले संबंध सांगितले. घरी सराव करणारी मुले त्यातल्या त्यात बरी होती, पण तशी मुले थोडी.

असे का व्हावे? ल्यूसी फुक्स आणि जॅक अँड्र्यूज यांनी २०२३ मध्ये एक तर्क मांडला. मुलांचे लक्ष वारंवार त्यांच्या मनाकडे वेधले की वाढत्या वयातली नेहमीची घालमेलही त्यांना आजारासारखी दिसू लागते आणि ती तशी वागू लागतात, असे त्यांचे म्हणणे. अजून तो तर्कच आहे, सिद्ध झालेला नाही. माझा स्वतःचा अंदाज थोडा वेगळा आहे. ज्याच्या डोक्यात रात्रीच्या भांडणाचे आवाज आहेत, त्याला चाळीस जणांच्या वर्गात डोळे मिटून आत बघायला सांगितले की तो त्या भांडणापाशीच जातो. तिथून त्याला परत आणायला जवळ कोणी नसते. दवाखान्यात ते काम उपचारक करतो.

आता तुम्ही विचाराल, की इतकी वर्षे 'फायदा होतो' असे सांगणारे शोधनिबंध कुठून येत होते? डॅरेन डनिंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३३ चाचण्या आणि ३,६६६ मुले एकत्र घेऊन हिशेब मांडला. त्यात फायदा दिसला, पण लहान. आणि तुलनेच्या गटाला नुसते मोकळे न सोडता दुसरे काहीतरी दिले होते अशा चाचण्या वेगळ्या काढल्यावर त्यातल्या काही बाबतींतला फायदा विरून गेला. हे कसे घडते ते मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण उद्या तुमच्या शाळेत कोणी चकचकीत अहवाल घेऊन आले तर तो वाचण्याची ताकद तुमच्याकडे हवी.

पहिली गोष्ट तारखांची. समजा एखाद्या संस्थेने सहामाहीच्या तोंडावर मुलांकडून ताणाची प्रश्नावली भरून घेतली, मग कार्यक्रम केला, आणि दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत आली तेव्हा पुन्हा प्रश्नावली दिली. ताण घटलेला दिसणारच. तो परीक्षेने वाढवला होता आणि सुट्टीने उतरवला. त्याच तारखांना कार्यक्रम न घेतलेल्या मुलांचीही मोजणी केली असेल तरच काही कळते. दुसरी गोष्ट, मुले निवडण्याची. वर्गातली सर्वांत त्रस्त मुले निवडून त्यांना काहीही दिले, पेटी वाजवायला शिकवली तरी, काही आठवड्यांनी त्यांची सरासरी सुधारते. टोकाला गेलेली मोजमापे पुढच्या खेपेला आपोआप मध्याकडे सरकतात. संख्याशास्त्रात ही जुनी आणि पक्की गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट वर्गाची. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात किंबर्ली शोनर्ट-रायशल यांनी २०१५ मध्ये 'माइंडअप' हा कार्यक्रम तपासला. निकाल उत्साहवर्धक होते, त्यांची जगभर चर्चा झाली. मुले ९९, पण वर्ग चारच. एका वर्गातली मुले एकच शिक्षक, एकच फळा, एकच गोंगाट वाटून घेतात, म्हणून त्यांची उत्तरे एकमेकांसारखी होत जातात. हे साम्य अवघे पाच टक्के धरले तरी ३० मुलांचा एक वर्ग सुमारे १२ सुट्या मुलांइतकीच माहिती देतो. चार वर्गांची तुलना करताना दोन शिक्षक मुळातच प्रेमळ निघाले तर श्रेय कार्यक्रमाला जाते. मिरियडला ८५ शाळा लागल्या त्या याचसाठी.

आणि मग प्रश्नावल्या. या क्षेत्रात सजगता मोजण्यासाठी मुलांना दहा विधानांची एक प्रश्नावली देतात. 'मी लक्ष न देता एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो' या धर्तीची विधाने असतात, आणि असे किती वेळा होते ते मुलाने सांगायचे. कार्यक्रमापूर्वी मूल 'कधीच नाही' लिहिते, कारण आपले लक्ष भटकते हेच त्याच्या लक्षात आलेले नसते. दहा धडे मन लावून केल्यावर त्याला पहिल्यांदा जाणवते की मन सारखे पळते आहे, आणि ते प्रामाणिकपणे 'नेहमी' लिहिते. कागदावर मूल खाली घसरले, प्रत्यक्षात ते शिकले. उलटही होते. आपल्या शाळांत प्रश्नावली वाटणारे आणि गोळा करणारे शिक्षक बहुधा तेच असतात ज्यांनी ध्यान शिकवले. बाईंना काय आवडेल हे आपल्या मुलांना पुरते ठाऊक असते. अशा कागदांवरून काढलेल्या टक्केवारीवर मी विश्वास ठेवत नाही.

इतके ऐकून काहींना वाटेल की हे सगळे परदेशातले, आपल्याकडे असे अभ्यास होणे अवघड. तसे मुळीच नाही. आपल्या शेजारी गोव्यात १९९६ पासून काम करणाऱ्या 'संगाथ' या संस्थेने या बाबतीत जगाला वाट दाखवली आहे.

त्यांच्या 'सेहेर' या चाचणीत बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी शाळा होत्या. चिठ्ठी टाकून शाळांचे तीन गट केले. एका गटात शाळेचे वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, समुपदेशनाची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित 'मित्रा'ने चालवला. दुसऱ्यात तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाकडे दिला. तिसऱ्यात सरकारी जीवनकौशल्यांचा नेहमीचा अभ्यासक्रम चालू राहिला. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. मित्राच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य कमी झाले, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत जवळजवळ काहीच झाले नाही. कार्यक्रम एकच, फरक चालवणाऱ्याचा. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ कृपा करून कोणी काढू नये. ज्या माणसाकडे जनगणना आहे, निवडणूक आहे, पोषण आहाराच्या नोंदी आहेत आणि शिवाय अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, त्याच्यावर आणखी एक काम टाकले तर ते कागदावरच राहते.

संगाथचीच दुसरी चाचणी दिल्लीच्या सहा सरकारी शाळांतली, २५० विद्यार्थ्यांची. इथे सबंध वर्गाला काही दिले नव्हते. ज्या मुलांना त्रास होता आणि मदत हवी होती, त्यांच्याबरोबर समुपदेशक चार-पाच वेळा बसले आणि अडचण सोडवण्याच्या पायऱ्या शिकवल्या. तुलनेच्या मुलांना त्याच पायऱ्या सांगणाऱ्या चित्रमय पुस्तिका दिल्या. मोजताना संशोधकांनी प्रत्येक मुलाला आधी विचारले, तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे? आणि मग त्यानेच सांगितलेल्या गोष्टीचा त्रास किती उरला ते मोजले. सहा आठवड्यांनी लक्षणांच्या छापील प्रश्नावलीत फरक दिसला नाही, पण मुलांनी स्वतः नावे घेतलेल्या अडचणी कमी झाल्या होत्या, आणि हा फायदा वर्षभरानेही टिकलेला होता. मुलाला विचारून मोजणे मला या साऱ्या क्षेत्रातली सर्वांत सभ्य पद्धत वाटते.

आता त्या आत्महत्यांच्या आकड्यांकडे परत येते. 'मुले मरताहेत आणि तुम्ही चाचण्या कसल्या करता?' असे मला अनेक सभांत विचारले गेले आहे. राग समजण्यासारखा आहे. पण युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत आणि ११,११० मुलांत झालेल्या 'सेली' या अभ्यासात नेमके हेच तपासले होते. एका गटात शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखायला शिकवले. दुसऱ्यात प्रश्नावलीवरून त्रस्त मुले शोधून त्यांना तज्ज्ञांकडे पाठवले. तिसऱ्यात मुलांनी एकत्र बसून आपल्या अडचणींवर नाट्यप्रसंग केले आणि मोकळेपणाने बोलले. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न तिसऱ्या गटात तुलनेच्या मुलांपेक्षा सुमारे निम्म्यावर आले. पहिल्या दोन्ही गटांत तसा ठोस फरक पडला नाही. सुरुवातीला कोणालाही विचारले असते तर बहुतेकांनी शिक्षक-प्रशिक्षणाच्या बाजूने मत दिले असते, मीसुद्धा. शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या म्हणून खरे काय ते कळले. जिथे मुलांचा जीव पणाला लागलेला असतो तिथे अंदाजावर चालण्याची चैन आपल्याला परवडत नाही.

साधना करणाऱ्या अनेकांना हे मोजमाप रुचत नाही, हेही मला ठाऊक आहे. इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून आयुष्य बदललेली माणसे माझ्या जवळच्या परिचयात आहेत आणि त्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. पण ती माणसे मोठी होती, आपल्या इच्छेने गेली होती, आणि तिथे शिकवणारे आयुष्यभर साधना केलेले होते. त्यांच्या अनुभवावरून सातवीच्या तुकडीत शनिवारी सकाळी काय होईल हे सांगता येत नाही. ते सातवीच्याच तुकडीत पाहावे लागते.

म्हणून माझी मागणी. 'आनंददायी शनिवार' किंवा त्यासारखा कोणताही कार्यक्रम राज्यभर नेताना सगळ्या शिक्षकांचे प्रशिक्षण एका वर्षात होत नाहीच. केंद्रवार, टप्प्याटप्प्याने ते चालते. मग पहिल्या टप्प्यात कोणत्या शाळा घ्यायच्या हे अधिकाऱ्यांच्या सोयीने ठरवण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून ठरवावे. एवढ्या एका बदलाने, फारसा जादा खर्च न करता, राज्याच्या हाती मिरियडच्या तोडीची चाचणी येते. आपल्या बहुतेक जिल्ह्यांत एकट्या जिल्हा परिषदेच्याच शाळा ८५ च्या कितीतरी पट आहेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने हे काम हाती घ्यावे, जवळच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांनी मदत करावी. दुसऱ्या टप्प्यातल्या शाळांचा त्या वर्षीचा शनिवार मोकळा ठेवू नये. त्यांना खेळ द्यावा, गोष्टींची पुस्तके द्यावीत. म्हणजे जो फरक दिसेल तो ध्यानाचा आहे की नुसत्या मोकळ्या तासाचा, हेही कळेल. ध्यानाने आणि खोखोने मुलांना सारखेच बरे वाटले, तर खोखोसाठी कोणाला प्रशिक्षण द्यावे लागत नाही.

काय मोजणार ते आधी लिहून भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंदवावे, म्हणजे नंतर सोयीचा आकडा निवडता येणार नाही. हजेरी मोजावी, छळाच्या तक्रारी मोजाव्यात, मुलाने स्वतः सांगितलेली अडचण मोजावी. मोजायला वर्गशिक्षक नकोत, दुसऱ्या तालुक्यातले लोक यावेत. वर्षाने पुन्हा मोजावे. सरासरीबरोबर किती मुलांची स्थिती बिघडली हा आकडा वेगळा छापावा, कारण शंभरातल्या नव्वद जणांचे थोडे बरे झाले आणि दहा जणांचे बिघडले, तर सरासरी ते दहा जण दाखवत नाही. तोवर प्रत्येक वर्गात, पहिल्या दिवसापासून, डोळे उघडे ठेवायची, खिडकीबाहेर बघायची, चित्र काढत बसायची मुभा असावी, आणि ती घेणाऱ्या मुलाला कोणी कारण विचारू नये. आईवडिलांची संमती घ्यावीच. मुलाचीही घ्यावी.

चिठ्ठ्या काढायच्या त्या कार्यालयात बंद दाराआड नकोत. पंचायत समितीच्या सभागृहात, मुख्याध्यापक आणि पालक समोर असताना काढाव्यात, आणि वर्षभराने निकाल त्याच सभागृहात वाचून दाखवावा. तो ऐकून दुसऱ्या टप्प्यातल्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांनी ठरवावे की हा कार्यक्रम आपल्या मुलांना हवा की नको. नको म्हणण्याचा अधिकार शासन निर्णयातच लिहून ठेवलेला असावा.